इंदूच्या शेजारची खोली

इंदू, आधी तुझ्या घरचं सांगते, म्हणजे बाकीचं ऐकायला तू मोकळी होशील.

श्रीपादरावांचं जेवण सध्या शेजारून येतं. दुधाचा रतीब निम्मा केला. तुझ्या तापात लोकांनी डबे-पातेली आणून दिली होती, ती ओळखून ज्याची त्याला पोचवली. एक पितळी डबा कोणाचाच निघाला नाही, तो फडताळात वर ठेवला आहे. कैरीच्या लोणच्यावर तेल कमी होतं, ते गरम करून गार करून घातलं. धोब्याकडे तुझं एक लुगडं होतं, ते आणलं. राहिलंय ते एकच काम, रेशनकार्डावरचं तुझं नाव कमी करण्याचं. त्यासाठी मी गेले होते. रांगेतही उभी राहिले. पुढे एकच माणूस उरला तेव्हा परत फिरले. ते काम कधी करीन, हे आज सांगत नाही.

तुला नेलं तेव्हा मी वाटेत होते. सूतिकागृहात चादरी मोजून घेत होते, तेवढ्यात मेट्रनबाई स्वतः कोठीपर्यंत आल्या. त्या कधी येत नाहीत, माणूस पाठवतात. त्यांना दारात पाहिलं आणि मी हातातली चादर घडी करून ठेवली. मग कोठीला कुलूप लावलं, किल्ली जागेवर टांगली आणि निघाले. गिरगावातून कुर्ल्याच्या त्या नव्या वसाहतीपर्यंत दोन बसगाड्या बदलाव्या लागतात आणि पुढे चालायचं. पोचले तेव्हा तुमच्या चाळीखाली बांबूच्या कामट्यांचे तुकडे आणि सुतळी पडलेली होती. त्यावरून कळलं. कोणाला सांगावं लागलं नाही.

गिरगावात असतो तर तुझ्या घशाला कोरड पडली तरी मला कळलं असतं. म्हणून तर इतकी भांडले मी. लोकांना वाटलं, ही बाई जागेसाठी भांडते. जागा मला कुठेही चालली असती. मला एवढंच हवं होतं, की जिथे पाठवतील तिथे शेजारी तू असावीस.

आपल्या बिल्डिंगला सगळी गल्ली ‘नवी बिल्डिंग’ म्हणायची. ती नवी होती तेव्हा आपण दोघी जन्मलोही नव्हतो. खोताच्या वाडीच्या तोंडापासून हाकेच्या अंतरावर, तिसऱ्या मजल्यावर टोकाच्या दोन खोल्या तुमच्या आणि लगतची एक आमची. कधीकाळी ते सगळं मिळून एकच बिऱ्हाड असणार, कारण तुझ्या स्वयंपाकघरातून आमच्या खोलीत उघडणारं एक दार होतं. मालकानं ते खिळे ठोकून बंद केलेलं होतं. माझे वडील गेले, मी एकटी राहिले, आणि पुढच्याच आठवड्यात तू श्रीपादरावांना पकड घेऊन त्या दाराशी बसवलंस. मला विचारलंसुद्धा नाहीस.

मी म्हटलं, “अगं, भाडेपावतीप्रमाणे इथे भिंत आहे.”

तू म्हणालीस, “पावतीत राहू दे की भिंत. मला आमटी द्यायला गॅलरीतून फिरून यायचा कंटाळा येतो.”

त्या दिवसापासून मी कधी एकटी जेवले नाही. भांडण असलं तरी नाही. तू वाटी आत सरकवायचीस आणि तोंड फिरवून जायचीस. आमटीत मीठ जास्त असलं की समजायचं, अजून राग गेलेला नाही.

चळवळीच्या वर्षांत मात्र तू घरात कमी आणि रस्त्यावर जास्त. श्रीपादराव छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारे, तोंडातून शब्द न काढणारे, तेही सत्याग्रहात जाऊन तुरुंगात बसून आले. मी मोर्चाला फारशी कधी आले नाही. मी बिल्डिंगमधल्या बायकांच्या पाळ्या लावायची. कोण मोर्चाला जाणार, तिच्या मुलांना कोण जेवू घालणार, कोणाच्या नळाचं पाणी कोण भरणार. तू माझ्या याद्यांना हसायचीस आणि मला सगळ्यांसमोर ‘सेक्रेटरी’ म्हणायचीस, पण यादीत तुझं नाव पहिलं नसलं तर चिडायचीस. गोळीबाराच्या दिवसांत एकदा दिवेलागण झाली तरी तू परतली नव्हतीस. जिन्यात तुझी चप्पल वाजली आणि मी तुला इतकं बोलले, की खालच्या मजल्यावरची माणसं बाहेर आली. तू शांतपणे पाय धुतलेस आणि म्हणालीस, “मुंबई मिळाल्याशिवाय मी मरत नाही गं.”

शब्द पाळलास. आणखी एखादी मागणी तेव्हा जोडून घ्यायला हवी होती.

त्या फुगडीचं आता लिहितेच. तू असतीस तर लिहू दिलं नसतंस.

राज्य होणार हे नक्की झालं होतं, व्हायचं तेवढं बाकी होतं. थंडीचे दिवस. सकाळी एक तरुण ओव्हरसियर मोजायची फीत आणि एक शिपाई घेऊन आला आणि प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी लिहून घ्यायला लागला. आपला मालक दरवर्षी ‘बिल्डिंग पडायला आली’ अशी आवई उठवायचा, म्हणजे आपण घाबरून जागा सोडू आणि त्याला पाडून नवी बांधता येईल. दुसऱ्या मजल्यावरचे ओककाका धापा टाकत वर आले.

“मालकानं आणलाय हा. धोकादायक म्हणून शेरा मारणार, बघा तुम्ही.”

“मारतो कसा ते बघते,” तू म्हणालीस. “सेक्रेटरी, पदर खोच.”

“मला कामावर जायचंय.”

“बिल्डिंग गेली तर कामावर जाशील कुठून? खोच पदर.”

तुझ्या पुढच्या खोलीत तू मजल्यावरच्या सगळ्या बायका गोळा केल्यास आणि ओव्हरसियरला दाराच्या चौकटीत उभं केलंस. मग फुगड्या सुरू झाल्या. साधी, मग बस फुगडी, मग दोघीदोघींच्या जोड्या एकदम. मंगळागौरीलासुद्धा आपण इतक्या कधी घुमलो नव्हतो. माझी जोडीदारीण तूच. हात सुटला असता तर मी थेट गॅलरीत गेले असते. चाळिशी ओलांडलेल्या, नाकावर चष्मा बांधून ठेवलेल्या मला मी त्याआधी आणि नंतर कधी तशी पाहिली नाही.

तो बिचारा ओरडत होता, “अहो बाई, पुरे! कळलं! बघितलं मी!”

“तुळई हलली का?”

“नाही.”

“फरशी दबली का?”

“नाही हो.”

“मग तसं लिहा. हवासुद्धा लिहा. दोन्ही बाजूंनी वारा येतो. उजेड लिहा.”

त्यानं लिहिलं. आपण त्याला चहा दिला, करंज्या दिल्या. जाताना तो मनापासून म्हणाला, की एवढी भक्कम जागा गिरगावात त्यानं दुसरी पाहिली नाही. तू जिन्यापर्यंत पोचवायला गेलीस. मालकाची कशी जिरवली, हे आपण पुढे कितीतरी दिवस एकमेकींना सांगत होतो.

राज्य झालं. गॅलरीभर पणत्या लावल्या, दाराला तोरणं बांधली. ती तोरणं सुकली होती पण उतरवलेली नव्हती, तेव्हा जिन्याच्या तोंडाशी नोटीस चिकटली. तू धावत वर आलीस.

“कुसुम, खाली ये! सरकारी कागद आलाय आणि मराठीत आहे!”

वर इंग्रजी होतं, खाली मराठी. आतापर्यंत असा प्रत्येक कागद ओककाकांकडून वाचून घ्यावा लागायचा. हा तू स्वतः वाचायला घेतलास, जिन्यात उभी राहून, मोठ्यानं, सगळ्यांसाठी. नव्या राज्याच्या कार्यालयांना जागा हव्या आहेत. सदर इमारत सरकार ताब्यात घेत आहे. इमारत भक्कम, हवेशीर व कार्यालयासाठी योग्य असल्याचे पाहणीत आढळून आले आहे. इथपर्यंत आलीस आणि तुझा आवाज बंद झाला.

“घाला आणखी फुगड्या,” ओककाका म्हणाले.

कोणीतरी हसलं. तू नाही हसलीस.

मी तुला हजारदा सांगितलं, की त्यांनी समोरचीही बिल्डिंग घेतली. तिथे कोणी फुगडी घातली होती? पलीकडची घेतली, तिथे तर सगळे खाणावळीत जेवणारे ब्रह्मचारी. सरकारला जागा हव्या होत्या, त्यांनी नकाशा काढला आणि रेघ मारली. तुझं उत्तर ठरलेलं. “समोरची घेतली ती आपली घेतली म्हणून.” हा वाद आपण पोळ्या लाटताना घातला, नळावर घातला, धान्य निवडताना घातला. तुला पटलं नाही. आजही पटणार नाही, माहीत आहे. तरीही परत सांगते, तुझ्या पायांनी सरकार आलं नाही.

माझी योजना अगदी साधी होती. कोणीच किल्ली द्यायची नाही. सरकार पर्यायी जागा देणार होतं, पण सुटी सुटी: एक बिऱ्हाड या चाळीत, दुसरं चार चाळी सोडून, आणि माझ्यासारख्या एकट्या माणसाला कुठे एखादी खोली उरेल तिथे. आपलं म्हणणं एकच ठेवायचं, की सगळ्या बिल्डिंगला एका चाळीत जागा द्या, आम्ही एका दिवसात निघतो. राज्य येऊन थोडेच दिवस झालेले. ज्यांनी त्यासाठी लाठ्या खाल्ल्या, त्यांच्याच घरांत पोलीस घुसवून बाहेर काढणं कोणाला परवडलं असतं? मी दारोदार फिरले. सगळे हो म्हणाले. तूही म्हणालीस.

मग तो जागेचा अधिकारी आला. घामानं भिजलेला, वयस्कर, आपल्याच बोलीत बोलणारा. गॅलरीत खुर्ची टाकून बसला. सगळी बिल्डिंग हाताची घडी घालून उभी. तू आत गेलीस. मला वाटलं, पाणी आणतेस. पाणी आणलंसच. आणि पाण्याच्या तांब्याशेजारी तुमच्या खोल्यांची किल्ली ठेवलीस.

तुझ्या मागोमाग संध्याकाळपर्यंत निम्म्या किल्ल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी उरलेल्या. शेवटची माझी.

त्या दिवशी मधल्या दारात उभी राहून मी तुला विचारलं, “का दिलीस?”

“आपणच मागितलं ना राज्य? मग त्याला बसायला जागा नको?”

“मी राज्य मागितलं होतं. माझी मोरी द्यायची कबूल केली नव्हती.”

“सगळं तुझ्या यादीप्रमाणे होत नाही, कुसुम.”

“यादी माझ्यासाठी नव्हती. आपण एकत्र राहावं म्हणून होती.”

मग तू ते बोललीस. “माझ्या पायांनी आली ही नोटीस. सगळे माझ्याकडे बघतात. मग निघताना पहिली मीच नको?”

मी मधलं दार लावून घेतलं आणि माझी खाट त्याला टेकवून ठेवली. निघेपर्यंत ती तिथेच होती. निघायच्या दिवशी तू गॅलरीतून हाक मारलीस, जणू काही झालंच नाही, “सेक्रेटरी, माझा पाटा कोणत्या गाडीत?” आणि मला माहीत होतं, कारण राग असला तरी तुमच्या सामानाची यादी मीच केली होती. “पहिल्या गाडीत, चाकावरच्या बाजूला,” मी म्हटलं. गिरगावातलं आपलं शेवटचं बोलणं ते.

तुम्ही कुर्ल्याला गेलात. ओककाका मुलीकडे पुण्याला. मला प्रभादेवीला एक खोली मिळाली. ती वाईट नाही, हे तुला सांगितलं आहे. समुद्राचा वारा येतो, शेजारची माणसं सभ्य आहेत, देऊळ जवळ आहे, कामावर जायला एकच बस. पण शेजारी बोलतात ते आपसांत बोलतात. मी गॅलरीत आले की आवाज हळू करतात, मला त्रास नको म्हणून. कितीतरी दिवस माझी आमटी उरत होती. माप मला कळत नव्हतं असं नाही. हात दोन घरांचं टाकायचा. शेवटी मी लहान पातेलं विकत आणलं. ते घेऊन घरी आले त्या दिवशी मला जेवावंसं वाटलं नाही.

संक्रांतीला तू आलीस. पत्ता विचारत विचारत, हातात तिळगुळाचा डबा. दारात उभी राहून म्हणालीस, “गोड बोलू नकोस हवं तर. नुसती बोल.”

बसलीस, पाणी प्यायलीस, खोली नजरेनं मापलीस आणि सरळ कामाचं बोलायला लागलीस. इतकी मुद्देसूद, की मला माझंच बोलणं ऐकल्यासारखं वाटलं. कुर्ल्याला तुमच्या लगतच्या खोलीत सावंत म्हणून जोडपं आहे. मालवणकडचं, मुलंबाळं नाहीत. त्यांनाही असंच परळमधून हलवलेलं. तो प्रभादेवीच्या गिरणीत, पाळ्या बदलत्या, जाण्यायेण्यात माणूस पिळून निघतो. त्यांना प्रभादेवीला खोली हवी, लहान असली तरी चालेल. मला कुर्ल्याला, तुझ्या शेजारी. मग अदलाबदल करा. सरकारची मंजुरी मिळते. अर्ज करायचा.

“तू चौकशी केलीस?” मी विचारलं.

“तुला काय वाटतं, याद्या तुलाच येतात?”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“तर तिळगूळ परत नेते.”

अर्ज द्यायला आपण दोघी गेलो. जागावाटपाचं ते ऑफिस कुठे बसवलं होतं, हे तुला आधीच माहीत होतं, मला नव्हतं. गिरगावात उतरून तू ओळखीच्या गल्लीत वळलीस तेव्हा कळलं. आपल्याच जिन्याच्या तोंडाशी पट्टेवाला स्टुलावर बसलेला.

“काय काम?”

“घरी जायचंय,” तू म्हणालीस.

मी कोपरानं ढोसलं. “अदलाबदलीचा अर्ज द्यायचाय.”

“तिसरा मजला. शेवटची खोली.”

तुझ्या पुढच्या खोलीत तीन टेबलं. माझ्या खोलीत लोखंडी कपाटं, त्यातलं एक मधल्या दाराला टेकवलेलं. तुझ्या स्वयंपाकघरात ओट्यावर फायलींचे गठ्ठे आणि त्यांच्यामधे जागा करून एक तरुण कारकून डबा खात बसलेला. लोक खिडकीशी रांगेत होते. तू रांग सोडून सरळ आत गेलीस.

“त्या कोपऱ्यात गठ्ठे ठेवू नका. पावसाळ्यात तिथून पाणी येतं.”

“बाई, आत कुठे आलात? खिडकीवर उभ्या राहा.”

“आत मी नाही आले. तुम्ही आलात.”

त्यानं घास खाली ठेवला. तुझ्याकडे पाहिलं, ओट्याकडे पाहिलं, आणि त्याच्या लक्षात आलं. तो उठून उभा राहिला. “तुमची जागा होती का ही?” त्यानं स्वतःची खुर्ची तुला दिली. साताऱ्याकडचा मुलगा. मग सांगत बसला, की तो स्वतः लालबागला मित्राच्या गॅलरीत झोपतो. दिवसभर लोकांना जागा वाटतो आणि त्यालाच मिळत नाही. तू इतकी हसलीस, की बाहेरची रांग आत डोकावली. त्याला धीर आला. तो म्हणाला, “पण मावशी, जागा एक नंबर हं. एवढी कपाटं ठेवलीत, जमीन हलत नाही. फार भक्कम.”

तू माझ्याकडे पाहिलंस आणि मी तुझ्याकडे. त्यानंतर हसू आवरेपर्यंत मला त्याच्यापुढे अर्ज ठेवता येईना.

अर्ज दिला. पोच घेतली. खाली आलो तेव्हा तुला धाप लागली होती. मी म्हटलं, घरी जाऊन डॉक्टरांना दाखव. तू म्हणालीस, जिन्याची सवय गेली. खोताच्या वाडीत त्या लाकडी घराच्या पायरीवर आपण बसलो. आतली म्हातारी ओळखीची, तिनं न विचारता पाणी पाठवलं. तू पेला हातात घेतलास.

“कुसुम, मी किल्ली दिली नसती, तर आपण सगळे एकत्र गेलो असतो का गं?”

“आता ते राहू दे,” मी म्हटलं. “अर्ज दिलाय ना.”

तू पाणी प्यायलीस. मग आपण बस पकडली.

तुला उत्तर हवं होतं, हे तेव्हा कळलं होतं. तुला बरं वाटेल असं बोलायचं तर खोटं बोलावं लागलं असतं, आणि खरं बोलले असते तर परत भांडण झालं असतं, आणि भांडण्यात तेव्हा मला वेळ वाया घालवायचा नव्हता. म्हटलं, शेजारी राहायला गेल्यावर सावकाश भांडू. तर आता सांगते. मला माहीत नाही. नोटीस आली तेव्हा मला खात्री होती. पुढे ऑफिसांच्या इतक्या खेपा घातल्या, की वाटतं, त्यांनी आपल्यालाही एकेकाला उचलून वेगवेगळं टाकलंच असतं. पण तू आठवडाभर थांबायला हवं होतंस. हे माझं मत आहे आणि तू गेलीस म्हणून मी ते बदललेलं नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, आठवड्यानं काय झालं असतं? मी म्हटलं असतं, निदान बघितलं तरी असतं. तू मीठ जास्त घातलं असतंस. तो आठवडा आपल्या दोघींमध्ये तसाच पडून आहे, आणि मला तो एकटीला उचलता येत नाही.

पण दुसरीही एक गोष्ट खरी आहे. खिळे तू उपटलेस. सांधायला तूच आलीस, कुर्ल्याहून, धाप लागत असताना. मी याद्या करत बसले होते आणि शेजारीण मिळवायचं काम मात्र दोन्ही वेळा तू केलंस.

त्यानंतर तुझा निरोप आला, की थोडा ताप आहे, विशेष नाही, रविवारी ये, मंजुरी आली तर सामानाचं ठरवू. रविवार यायचा होता.

काल तुझा तेरावा झाला. माणसं पांगल्यावर मी भांडी घासत होते, तेव्हा सावंतवहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. श्रीपादरावांना जेवण त्याच देतात, हे तुला कळलंच असेल. हातात कागद होता. मंजुरी. तू गेलीस त्याच्या तिसऱ्या की चौथ्या दिवशी आली होती. इतके दिवस त्यांनी दाखवली नाही.

“इंदूवयनीन सगळां जमवलां होतां,” त्या म्हणाल्या. “आता तुमचो काय तो विचार. तुमी नाय म्हटलात तरी आमका राग नाय येवचो.”

मी हात पुसून त्यांच्या खोलीत गेले. ट्रंका एकावर एक रचलेल्या होत्या, भांडी पोत्यात भरलेली. एक तवा, दोन ताटं आणि एक सतरंजी, एवढ्यावर त्यांचं चाललं होतं. सावंत रात्रपाळी करून आलेले, भिंतीकडे तोंड करून झोपले होते. त्यांना जागं करू नका, मी म्हटलं.

इंदू, मी नेहमीसारखा हिशोब मांडला. जाऊ नये याला कारणं पुष्कळ आहेत. सूतिकागृह लांब पडेल. पाणी कमी दाबानं येतं. प्रभादेवीला आता भाजीवाला ओळखायला लागला आहे. जावं याला कारण एकच होतं आणि ते काल आम्ही जेवू घालून निरोप देऊन पाठवलं. कोणाही शहाण्या माणसानं कागद परत दिला असता. पण त्या सतरंजीवर झोपलेल्या माणसाच्या खोलीत उभं राहून मला नाही म्हणता येईना. आणि प्रभादेवीला परत जाऊन ते लहान पातेलं चुलीवर चढवायचं, हेही डोळ्यांपुढे आणवेना. इथे निदान भिंतीपलीकडे तुझं घर म्हणून ओळखता येईल असं काही आहे.

“रविवारी ट्रक सांगा,” मी सावंतवहिनींना म्हटलं. “दोन नको, एकच. जाताना तुमचं सामान, येताना माझं. भाडं वाचेल. आणि त्या ट्रंकेची दोरी सैल आहे, परत बांधा.”

त्यांना रडू आलं. “पण बाय, हय आता तुमका कोण आसा?”

दोरी मीच बांधून दिली.

श्रीपादरावांना सांगितलं.  “आता?” ते म्हणाले. मी म्हटलं, “आता.” मग त्यांनी मान हलवली आणि कोपऱ्यातलं स्टूल माझ्याकडे सरकवलं.

तर या रविवारी मी राहायला येते. नव्या सरकारकडे मी एकच गोष्ट मागितली होती, तुझ्या शेजारची खोली. ती मंजूर झाली आहे.